हत्तीच्या सोंडेला झोळी

नवलाई वॉटर पार्कच्या फाटकावर पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. बेबीनंदाच्या पिशवीतून गार्डनं आधी धपाट्यांची चवड काढली, मग शेंगदाण्याच्या चटणीची डबी, मग धुऊन धुऊन मऊ झालेलं एक जुनं हिरवं लुगडं आणि सगळ्यात तळाला सुती दोरीची गुंडाळी.

"ही दोरी कशाला, मावशी?"

"ओली कापडं वाळू घालायला," बेबीनंदा म्हणाली. म्हणताना तिनं सुनेकडं पाहिलं नाही.

सुमेधा शेजारीच उभी होती, दीड वर्षाच्या प्रेमला कडेवर घेऊन. ते लुगडं तिनं लांबूनही ओळखलं असतं. बदनापूरच्या घरात मधल्या खोलीच्या कडीला तेच टांगलेलं असायचं, आणि त्याच्या झोळीत पडल्याशिवाय प्रेमची पापणी मिटायची नाही. निघायच्या आधी तिनं सासूला बजावून सांगितलं होतं, की झोळी घ्यायची नाही आत्या, तिथं रूम आहे, एसी आहे, गुबगुबीत पलंग आहे. दोन दिवसांत सवय मोडू. बेबीनंदा "बरं" म्हणाली होती. तिनं "बरं" म्हटलं की काळजी करावी, हे सुमेधाला लग्नानंतर महिनाभरात कळलं होतं.

गार्डनं धपाटे आणि चटणी ठेवून घेतली, लुगडं आणि दोरी परत दिली.

"चला, पुढं सरका, पुढं सरका," मागून तातेराव म्हणाले. ते सुमेधाचे सासरे. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी गर्दी दिसली की त्यांच्या तोंडून हेच निघायचं. त्यांच्या मागं संघपाल, सुमेधाचा नवरा, मोबाइलवर पार्कचा नकाशा उघडून उभा. तो बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कामाला होता, तुरीच्या वाणांत वर्षभर डोकं घालून. मे महिन्यात कशीबशी दोन दिवसांची सुटी मिळाली होती.

आणि सुमेधाचं या सगळ्यात मागणं एकच होतं. लाटा.

ती कुंभार पिंपळगावची. तिच्या माहेरी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे विहिरीचं, नाही तर कालव्याचं. ते आपल्या वाटेनं जातं, माणसाकडं चालून येत नाही. लग्नानंतर कोकणात जायचं ठरलं होतं, ते राहिलं. मग प्रेम पोटात असताना तिनं मोबाइलवर या पार्कातलं लाटांचं तळं पाहिलं. भोंगा वाजतो, निळं पाणी भिंतीजवळून उठतं आणि माणसांच्या अंगावर येतं. तिनं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. बाई उभी असावी आणि पाणी आपण होऊन तिच्याकडं यावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला फक्त "चला ना कुठंतरी" म्हणाली होती.

जालन्याच्या बाजारातून तिनं पाण्यात घालायचा काळा नायलॉनचा ड्रेस घेतला. त्याची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती.

अडचण एकच होती. प्रेम जागा असला की त्याला आई लागायची. आई पाण्यात उतरली की तो काठावर असा टाहो फोडायचा की पार्कातली डीजेची गाणी कमी पडावीत. म्हणजे तो झोपला तरच सुमेधाला लाटा.

*

पहिला दिवस असा गेला.

जेवणं झाली, प्रेमनं डोळे चोळले, कान ओढला. ही त्याची खूण. दुपारची झोप फार मानी पाहुणी असते. उंबऱ्यापर्यंत येते, आत डोकावते, आणि कुणी हाक मारायची चूक केली की आल्या वाटेनं माघारी जाते. सुमेधा त्याला घेऊन लगबगीनं रूमवर गेली. पडदे ओढले, पलंगावर शेजारी पडली, पाठ थोपटू लागली. पापणी जड झाली. तेवढ्यात दार वाजलं.

"टॉवेल, मॅडम."

टॉवेल घेतला. पुन्हा थोपटणं. पापणी पुन्हा जड. मग संघपालचा फोन. "अगं, बाबांना त्या मोठ्या घसरगुंडीवर सोडंना गेलेत. वयाचा दाखला मागून राह्यले. आधार कार्ड कोणत्या पिशवीत हाय?"

"तुमच्याच खिशात आहे," सुमेधा दातांवर दात ठेवून म्हणाली.

"हां हां, हाय हाय. झोपला का?"

"झोपत होता."

मग एसीनं खडखड केली. मग वरच्या मजल्यावर कुणाची तरी पोरं पलंगावरून उड्या मारू लागली. आणि शेवटी बेबीनंदा आली, पाय न वाजवता, अगदी मांजरासारखी. तिला वाटलं, लेकरू उपाशी म्हणून झोपत नसंल. तिनं पदराआडून बिस्किटाचा पुडा काढला. त्या कागदाच्या आवाजाला प्रेम उठून बसला, टाळ्या वाजवल्या, आणि झोप नावाची पाहुणी त्या दिवसापुरती गाव सोडून गेली.

संध्याकाळी, लाटांचं तळं बंद झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर वरणभाताच्या ताटात तोंड ठेवून प्रेम गाढ झोपला. तास-दीड तासानं ताजातवाना उठला आणि सगळं पार्क निजल्यावर रूमभर धावला. सुमेधा त्याच्या मागं. संघपाल घोरत होता. तातेराव घोरत होते. बेबीनंदा कुशीवर वळून म्हणाली, "आमच्या टायमाला असं नव्हतं बाई."

सुमेधानं प्रेमला पकडून कडेवर घेतलं. एवढ्या दिवसांत न बोललेल्या गोष्टींचं तिच्या छातीत एक गाठोडं झालं होतं. त्यात तिनं आणखी एक घडी घालून ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच रूम सोडायची होती. म्हणजे पलंग गेला, एसी गेला, पडदे गेले. सामान लॉकरमध्ये टाकून सगळे उन्हात. सुमेधानं मात्र एक केलं होतं. पंजाबी ड्रेसच्या आत नायलॉनचा काळा ड्रेस घालूनच निघाली. प्रेम झोपला की वरचे कपडे काढायचे आणि धावत सुटायचं, एक क्षण वाया घालवायचा नाही. पण मेचं ऊन आणि आत नायलॉन. अकरा वाजेपर्यंत ती स्वतःच्या घामात भिजली होती. पाण्याच्या पार्कात आल्यापासून तिच्या अंगाला लागलेलं तेवढंच पाणी.

लाटा दिवसातून मोजक्याच वेळा सोडायच्या. सकाळच्या लाटांना प्रेम टक्क जागा होता. आता दुपारच्या शेवटच्या. त्यानंतर जीप येणार आणि बदनापूर.

"हे बघा," सुमेधा नवऱ्याला म्हणाली, "याला झोपवायच्या वेळी तुम्ही जवळ पाहिजे. कुठं जायचं नाही."

"मी कुठं जाऊन राह्यलो? इथंच हाय की," संघपाल म्हणाला, आणि ती वळून पाहते तर तो नव्हता. लांब, पिवळ्या घसरगुंडीच्या जिन्यावर भाड्याच्या अर्ध्या चड्डीतले तातेराव दिसले, आणि त्यांच्या मागं संघपाल. "पुढं सरका, पुढं सरका," असा आवाज वाऱ्याबरोबर खाली आला.

सुमेधानं प्रेमला खांद्यावर टाकलं आणि सावली शोधायला निघाली. पार्कात झाडं पुष्कळ होती, पण सगळी सिमेंटची, नाही तर प्लास्टिकची. नारळ होते, त्यांना सावली नव्हती. वडाच्या पारंब्या होत्या, त्यांना वीज जोडलेली होती. प्रेमनं कान ओढला. प्रेमनं डोळे चोळले. पाहुणी उंबऱ्याशी आली होती आणि हिला घरच सापडत नव्हतं.

"इकडं ये," बेबीनंदा म्हणाली.

पोरांना खेळायला केलेल्या जंगलात एक मोठा करड्या रंगाचा सिमेंटचा हत्ती उभा होता. पोटाखाली गारवा होता. सोंड उंच उचलून पुढं वाकवलेली, टोकाशी आकड्यासारखी. बेबीनंदा त्या सोंडेकडं अशी बघत होती, जशी एखादी बाई बाजारात पसंत पडलेल्या भांड्याकडं बघते. तिनं सोंडेला लोंबकळून पाहिलं. आत लोखंड होतं, ती हलली नाही. खालची फरशी ओली होती, पण पार्कात सगळंच ओलं होतं.

"आत्या, मी काय म्हणलं होतं?"

"तू म्हणलं होतं. मी ऐकलं होतं. आता लेकरू झोपवायचं का भांडायचं?"

सुमेधानं प्रेमकडं पाहिलं. त्याचा ओठ वाकडा व्हायला लागला होता. ती बाजूला सरली. बेबीनंदानं चप्पल काढली, हत्तीच्या गुडघ्यावर पाय दिला, दोरी सोंडेवरून टाकली, लुगड्याला अशी गाठ मारली की ओढावं तितकी ती घट्ट व्हावी, आणि हिरव्या झोळीत नातू अलगद सोडला. झोळी हलली. दोरी कुरकुरली. घरच्या कडीचा तो जुना आवाज या सिमेंटच्या जंगलात ऐकून प्रेमनं मोठा सुस्कारा सोडला, जणू दोन दिवस तो परदेशात होता आणि आता कुणीतरी ओळखीचं भेटलं.

सुमेधाला एकदम बरं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. बरं वाटलं म्हणूनच राग आला.

"कालच बांधली असती तर?" ती बोलली. आवाज चढला. झोळीत हालचाल झाली. बेबीनंदानं ओठांवर बोट ठेवलं आणि झोळीला झोका दिला. घरी रोज ती बाबासाहेबांचा पाळणा म्हणायची. त्याच चालीत, त्याच मऊ आवाजात, सुनेकडं न बघता ती म्हणाली,

"नीज नीज रे प्रेमा, झोळी टांगली सावलीला,
घड्याळ बघून झोप येती का, पुस तुझ्या माऊलीला."

सुमेधा बघत राहिली. सासूच्या माहेरच्या, तीर्थपुरीकडच्या बायकांची ही रीत तिनं ऐकली होती. जात्याशी बसून सासू-सुना एकमेकींना असं सुनावायच्या, पीठ पडत राहायचं आणि पुरुषांना वाटायचं, बायका काय गोड गातात. दळायची जाती गेली. बेबीनंदाकडं ती चाल राहिली होती. आणि सुमेधाच्या आजीकडंही होतीच की. तिच्या मांडीवर सुमेधा मोठी झाली होती. गाठोड्याची गाठ सैल झाली. तिनं दोरी धरली आणि झोका दिला.

"नीज नीज रे प्रेमा, आजी तुझी लई गुणी,
झोपेच्या येळेला तुला बिस्कुट दिलं कुणी?"

बेबीनंदाच्या भुवया वर गेल्या. तिनं झोळी परत ढकलली.

"बिस्कुटावरून गं रुसली कुणाची ही पोर,
याचा बाप निजविला मी कापसाच्या बांधावर."

"बांधावर निजविला, तुमी लई गं सोसलं,
रातभर जागून माझं डोळं गं सुजलं."

झोळी इकडून तिकडं जात होती, शब्द इकडून तिकडं जात होते. दोघींचे चेहरे तापले होते आणि आवाज सायीसारखे मऊ. प्रेमची मूठ उघडली. एक पाय झोळीबाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला.

एवढ्यात सुमेधाच्या लक्षात आलं की आपल्या मागं कुणीतरी आहे. वळून पाहिलं तर रांग. ओल्या चड्ड्यांतली पाच-सहा पोरं, त्यांच्या मागं एक बाई पर्स घेऊन.

"ताई, या झोक्याचा नंबर कधी लागंल?" त्या बाईनं विचारलं.

सुमेधानं हात जोडून, ओठांवर बोट ठेवून, डोळे मोठे करून, होतं नव्हतं ते सगळं करून सांगितलं की हा झोका नाही, लेकरू आहे. बाईनं झोळीत डोकावून पाहिलं. "अगं बया," ती कुजबुजली आणि पोरांना दटावून मागं सारलं. पण जाता जाता झोळीला एक हळूच झोका देऊन गेली. तिच्या मागची पोरंही एकेक झोका देऊन गेली. जालना जिल्ह्यात टांगलेली झोळी दिसली आणि हात न लावता माणूस पुढं गेला, असं कुणी पाहिलं नसेल.

मग गार्ड आला. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. काल फाटकावर लुगडं तपासलेला तोच. छातीवरच्या पट्टीवर रामराव लिहिलेलं.

"ओ मावशी, हे काय बांध—"

दोघींनी मिळून त्याच्याकडं असं पाहिलं की वाक्य त्याच्या घशातच राहिलं. बेबीनंदानं झोळीकडं बोट दाखवलं. मग आपल्या गळ्याकडं. मग हाताची लहर करून चाल दाखवली. बोलायचं तर असं.

रामरावनं इकडं तिकडं पाहिलं. साहेब दिसत नव्हते. तो घसा खाकरणार होता, तेही बेबीनंदानं नजरेनं थांबवलं. बिचारा खाली वाकला आणि गावाकडं कधीतरी ऐकलेली चाल आठवून, भलत्याच जागी श्वास घेत म्हणाला,

"हत्तीच्या सोंडंला तुमी दोरी बांधू नका,
सायेब आला म्हंजी बसंल मला दणका."

आणि त्याला पुढं काहीतरी सांगायचं होतं. त्यानं सोंडेकडं बोट केलं, मग वर भोंग्याच्या खांबाकडं, मग पुन्हा सोंडेकडं. तोंड उघडलं. ओळ सुचेना. बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं, मान हलवली. तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली आणि तो नाइलाजानं गेला, वळून वळून सोंडेकडं बघत.

"काय म्हणत व्हता?" बेबीनंदानं चालीतच विचारलं.

"कुणास ठाऊक," सुमेधा म्हणाली. तिचं लक्ष तिकडं नव्हतंच. लाटांच्या तळ्याकडं माणसं निघाली होती. बायका, पोरं, पोहायचे रबरी टायर घेतलेली मंडळी. थोड्या वेळात भोंगा होणार. प्रेम झोपला होता, अगदी गाढ नाही, पण झोपला होता. आणि झोका थांबला की उठणार. तिनं पिवळ्या घसरगुंडीकडं पाहिलं. बापलेक पुन्हा जिना चढत होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत नायलॉन चिकटत होता. हसावं की रडावं कळेना. चाल मात्र थांबवता येत नव्हती, म्हणून ती चालीतच म्हणाली,

"लगीन झाल्यापासून एकच गं मागणं,
लाटेमंदी एकदा उभं राहून बघणं."

बेबीनंदाच्या हाताची लय चुकली. एक झोका रिकामा गेला. तिनं सुनेकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. पंजाबी ड्रेसच्या गळ्याशी काळ्या नायलॉनची कड दिसत होती, आणि तिला अजून दुकानाची चिठ्ठी होती.

"हे कवा घातलं?"

"सकाळी."

"सकाळधरून? एवढ्या उन्हात?"

सुमेधानं मान हलवली.  लाटांकडं जाणाऱ्या माणसांकडं बेबीनंदानं पाहिलं, मग झोळीकडं. आणि मग चालीत, पण आता त्यात टोमणा नव्हता, म्हणजे अगदी थोडा होता,

"मनातली गोष्ट आधी का न्हाई बोलली,
फुगून फुगून पोरी दोन दिसं घालवली."

"तुम्ही विचारलं कधी?" सुमेधा साध्या बोलीतच म्हणाली. प्रेम हलला. दोघींनी एकदम झोळी धरली.

"बरं," बेबीनंदा कुजबुजली. "जा जल्दी. मी हाय."

"भोंगा झाला की उठंल तो."

"मी कान झाकते त्याचे."

"मग झोका कोण देणार?"

तेवढ्यात संघपाल आणि तातेराव आले, निथळत, लाल डोळ्यांनी, पोरांसारखे हसत. "अरे वा, झोपला का आमचा—" संघपालनं मोठ्यानं सुरुवात केली, आणि आई आणि बायको या दोन्ही बाजूंनी त्याच्याकडं असं पाहिलं गेलं की त्यानं तोंडावर हात ठेवला. बेबीनंदानं त्याचं मनगट धरून त्याच्या हातात दोरी दिली.

"हालव."

"मी?"

"तुला यातच वाढवलंय. हालव. आणि गुणगुण."

"मला कुठं येतं गुणगुणायला?"

"तुरीची नावं म्हण," सुमेधा म्हणाली. आणि संघपाल, संशोधन केंद्राचा माणूस, खरंच झोका देत तुरीच्या वाणांचे आकडे अंगाईसारखे म्हणायला लागला. तातेरावांना बेबीनंदानं रांगेतल्या पोरांना लांब ठेवायला उभं केलं. "मागं सरका, मागं सरका," ते हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच उलटं म्हणत असतील.

सुमेधानं ओढणी काढली, वरचा ड्रेस काढला, सासूच्या हातात कोंबला आणि धावली.

*

ती पाण्यात गुडघ्याएवढी उतरली आणि भोंगा झाला. मागं कुठंतरी, पोरांच्या जंगलाच्या बाजूनं, एकदम आरडाओरड उठल्यासारखी वाटली. पण सगळीकडूनच आरडाओरड होती. समोरच्या निळ्या भिंतीशी पाणी फुगलं. जणू खालून कुणी श्वास घेतला. मग ते आलं.

पहिली लाट तिच्या कमरेला लागली आणि तिला मागं ढकलून गेली. दुसरीनं छातीपर्यंत घेतलं. तिनं पाय रोवले, हात पसरले. पाण्याला क्लोरीनचा वास होता. शेजारी कुणाचा तरी टायर तिच्या पाठीवर आपटत होता, एक माणूस मोबाइल उंच धरून ओरडत होता, आणि तरीही ते पाणी येत होतं. आपण होऊन. तिनं बोलावलं नव्हतं, तिला कुठं जावं लागलं नव्हतं. ती उभी होती आणि ते तिच्यासाठी आल्यासारखं येत होतं, आणि परत जात होतं, आणि परत येत होतं.

तिसऱ्या की चौथ्या लाटेला ती वळली, केस मागं सारायला, आणि काठाकडं नजर गेली.

तिथं एका प्लास्टिकच्या नारळाआड बेबीनंदा उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, साडी अंगाला चिकटलेली, केसांतून पाणी गळत होतं. तिच्या कडेवर प्रेम. तोही ओलाचिंब, आणि टक्क जागा.

 सुमेधाचे पाय आपोआप काठाकडं वळले.

पण बेबीनंदा तिला हाक मारत नव्हती. ती नारळाच्या खोडाआड अंग चोरून उभी होती, आणि प्रेमचं तोंड तिनं हातानं दुसरीकडं फिरवून धरलं होतं, पाण्याकडं नाही, घसरगुंड्यांकडं, जेणेकरून त्याला आई दिसू नये आणि त्यानं टाहो फोडू नये. त्याच्या कानाशी ती काहीतरी म्हणत होती. ओठ हलताना दिसत होते. मध्येच ती खोडाआडून चोरून पाण्याकडं बघायची, सून आहे ना अजून आत, आणि चटकन मागं व्हायची.

सुमेधानं ते पाहिलं. आपल्याला दिसलंय हे त्या बाईला कळू द्यायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. तिनं काठाकडं पाठ केली. पाण्याच्या भिंतीकडं तोंड केलं. पुढची लाट येत होती, मोठी, आणि ती तिला सामोरी गेली.

*

लाटा थांबल्या. पाणी पुन्हा विहिरीच्या पाण्यासारखं शहाणं झालं. बेबीनंदा तेव्हाच नारळाआडून बाहेर आली, जणू आत्ताच पोहोचली.

"झाल्या का लाटा?"

"झाल्या." सुमेधा गुडघाभर पाण्यात उभी होती. "तुम्ही कशा भिजलात?"

उत्तर मागून धापा टाकत आलेल्या रामरावनं दिलं. "ताई, मी सांगणारच होतो," तो अगदी रडकुंडीला आला होता. "भोंगा झाला की त्या सोंडंतून पाण्याचा फवारा येतो. पोरांना आवडतो. पर ते चालीत बसंनाच गेलं बघा."

त्याच्या मागं संघपाल, हातात भिजलेलं हिरवं लुगडं पिळत. तातेराव हसू दाबत होते आणि त्यांचं पोट हलत होतं.

सुमेधानं सगळ्यांकडं पाहिलं. दोन दिवसांचा राग शोधला. तो होता, जागच्या जागी होता, पण आत्ता तिला त्याला उचलायचा कंटाळा आला होता. तिनं हात पुढं केले. प्रेम झेप घेऊन तिच्याकडं आला, ओल्या खांद्यावर गाल टेकला, कान ओढला.

आणि झोपला.

असा, उघड्यावर, उन्हात, डीजेच्या गाण्यात, ना झोळी ना पलंग. मान लुळी पडली. तोंड उघडं राहिलं. लाटा संपल्यावर, काही उपयोग नसताना, गाढ.

"हलू नको," बेबीनंदा कुजबुजली.

"जीप येईल आत्ता," सुमेधा ओठ न हलवता म्हणाली.

"येऊ दे."

तळं रिकामं करायची वेळ झाली होती. माणसं बाहेर पडत होती. रामरावनं सवयीनं शिट्टी तोंडाला लावली, गाल फुगवले, आणि पाण्यात खांबासारख्या उभ्या राहिलेल्या सुमेधाकडं बघून काढूनही टाकली. मग वाकून, अगदी हळू, त्यानं चाल धरली. पुढं काय म्हणायचं ते मात्र त्याला अजूनही सुचत नव्हतं.

बेबीनंदा साडीचा घोळ हातात धरून पाण्यात उतरली आणि सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली. "ऊन लागंल लेकराला," ती म्हणाली, आणि ओला पदर दोघांच्या डोक्यावर धरला.